होनामीची आई

संध्याकाळची धून वाजायच्या किंचित आधी होनामीनं मान वर केली, आणि तेवढ्यानं तिच्या आईच्या हातातला ओला टॉवेल गॅलरीच्या कठड्यावरून खाली गेला.

धून रोजचीच होती. मुलांनो, आता घरी जा, असं सांगायला महापालिकेनं खांबाखांबावर लावलेले भोंगे दर संध्याकाळी ती वाजवतात. आधी खाडीच्या या बाजूला वाजते, मग खाडीपलीकडे वाकामात्सुला, आणि दोन्हींचं मिळून पाण्यावर एक कालवण होतं. शहरात ती सगळ्यांना ऐकू येते आणि कोणीच ऐकत नाही. होनामी दारात पाय पसरून, बर्फाची कांडी चोखत, फोनमध्ये डोकं घालून बसली होती. कोणी हाक मारल्यावर करावी तशी तिनं मान वर केली, कपाळाला बारीकशी आठी घातली, आणि मग धून सुरू झाली. मध्ये गेला असेल एक श्वास. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. आईच्या आलं, कारण ती स्वतः तेरा वर्षांची असताना, अशाच दुसऱ्या एका कामगार वसाहतीत, मांडीवर शेंगांचं टोपलं घेऊन बसलेली असताना, तिनं अशीच मान वर केली होती. तेव्हा तिच्या आईनं विचारलं होतं, "कोणी हाक मारली का गं?" आणि ती म्हणाली होती, "कुठं काय."

"टॉवेल पडला," होनामी म्हणाली.

"हो."

"खालच्या आजींच्या कुंड्यांवर पडला असणार. आता ऐक त्यांचं पुराण."

"तुला आत्ता काही ऐकू आलं का?"

"धून. जरा काहीतरी नवीन लावावं की नाही माणसानं? माझ्या जन्माच्या आधीपासून हेच रडगाणं."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काय? आज काय झालंय तुला?" असं म्हणून होनामीनं कांडीची काटकी दातांत धरली आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. तिचा उजवा कान थोडा लाल झाला होता. आईच्या डोळ्यांतून तेही सुटलं नाही.

ती जिना उतरून खाली गेली. खालच्या आजींनी टॉवेल घडी करून ठेवला होता आणि बरोबर एक मोडकी कळीही ठेवली होती, म्हणजे बोलायला नको. "होनामीच्या आई, तुमचा टॉवेल," त्या म्हणाल्या. तिनं कमरेतून वाकून माफी मागितली. परत वर येताना जिन्यात रित्सुकीची आई भेटली, तीही म्हणाली, "अहो होनामीच्या आई, उद्या कावळ्यांसाठी टाकलेली कचऱ्याची जाळी आवरायची पाळी तुमची हं, विसराल." या वसाहतीत सगळ्या बायका अशाच होत्या. रित्सुकीची आई, युमेकाची आई, जुळ्यांची आई. एखादीच्या मुलाचं नाव आठवलं नाही तर ती लाल सायकलवाली. कोणाला स्वतःचं नाव आहे अशी शंकाही कोणी घेत नसे. नवरा, ओकुदाइरा मासायुकी, बदली होऊन नागोयाला एका खोलीत राहत होता, तो रविवारी फोन करी आणि तोही म्हणे, "काय आई, कसं काय?" जिथं ती दुपारपर्यंत बटाट्याचे कॉरोक्के तळत असे त्या दुकानात छातीवर ओकुदाइरा अशी पट्टी होती, पण ओकुदाइरा तर तो होता. या सगळ्याची तिला कधी खंत वाटली नव्हती. उलट बरं वाटायचं. थंडीत रजईत डोकं खुपसून पडावं तशी ती या नावात शिरून बसली होती, कारण इथं तिला कोणी शोधू शकणार नव्हतं.

तिचं नाव निवा कोझुए. म्हणजे होतं.

ती लहान होती तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर जादूच्या मुली लागत. एरवी गणितात गोते खाणारी एखादी मुलगी गरकन फिरे, तिच्या अंगावर झालरींचा झगा येई, केस कमरेपर्यंत वाढत, आणि राक्षसासमोर उभी राहून ती आधी स्वतःचं नाव ठणकावून सांगे. तोवर राक्षस बिचारा हात खाली सोडून थांबलेला असे. कोझुएला लहानपणीसुद्धा याचं हसू यायचं. राक्षस का थांबतो ते तिला तेराव्या वर्षी कळलं. तो जेवायला बसलेला असतो.

पोलादाच्या कारखान्यातल्या भट्ट्या एकेक करून विझल्या तेव्हा त्या भट्ट्यांसाठी लांबलांबून आलेले पुरुष इथल्या वसाहतींतच म्हातारे झाले. बायको नाही, मूल नाही, असलं तर येत नाही. त्यातला एखादा मरे आणि ते कोणाला कळतच नसे. पुढं केव्हातरी वासावरून कळे, माणसं येऊन खोली धुऊन जात, नवा रंग देत. पण दारामागं काहीतरी राही. ज्याला कित्येक वर्षांत कोणी नावानं हाक मारलेली नाही असं काहीतरी. मग ते स्वतःच हाका मारू लागे. शाळेतून येणाऱ्या पोरांना, पेपर टाकणारीला, ज्याच्या त्याच्या नावानं, अगदी घरच्यासारखं. जे आत जात ते बाहेर येत, पण येत ते अर्धेच. मग त्या दारासमोर एका मुलीनं जाऊन उभं राहायचं आणि आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. ते तिचं नाव खाई आणि गप्प होई. लढाई म्हणून जे काही होतं ते एवढंच. मरत काहीच नसे. पोट भरल्यावर आजारी माणूस भिंतीकडं तोंड करून झोपतो तसं ते झोपे. आणि झगा, झालरी, डोक्यातली फीत, हे सगळं म्हणजे ताट सजवायचं काम. झगा मिळायचा तोच मुळी ओलसर मिळायचा. दुसऱ्या कोणाच्या तरी मापाचा, कंबरेला कोणी तरी टाके घालून आत घेतलेला. कोझुएच्या आईनं तिच्या शाळेच्या सगळ्या कपड्यांना नावाच्या पट्ट्या शिवल्या होत्या, तशी याच्याही गळ्याच्या आत एक पांढरी पट्टी होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पण धुऊन धुऊन ती जागा मऊ झाली होती.

या कामाला मुलींना बोलावणारी हाक वेगळी होती, आणि पहिला घास त्या हाकेला ओ दिल्याबरोबर घेतला जाई. दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरी घेताना मधलं निवा गाळून निशिदानंतर थेट नोमुरा म्हटलं. वर्ग हसला, कोझुएनं हात वर केला, सरांनी कपाळावर हात मारून घेतला, तीही हसली. किती सोपं वाटलं होतं ते. नाव काय, रोज तोंडानं सांगायची गोष्ट. सांगितल्यानं संपते असं कोणाच्या डोक्यात येणार? पुढं काकांनी नव्या वर्षाच्या पैशांच्या पाकिटावर भलतंच नाव घातलं, मग ग्रंथालयातल्या बाई दर वेळी नव्यानं विचारू लागल्या. आणि या सगळ्यात तिच्याबरोबर ओ देणारी दुसरी एक मुलगी होती. त्या दुसरीचं सगळं कोझुएला आठवे. तिच्या गुडघ्यावरची खपली, ती पावाची कड आधी खाऊन मधला मऊ भाग शेवटाला ठेवायची ते, रडताना तिला उचकी लागायची ते. ती दिलदार होती. कोझुएच्या पाळीला, "थांब गं, माझं घेऊ दे, माझं लांबलचक आहे," असं म्हणून पुढं व्हायची. वाकामात्सुच्या बाजूच्या एका दारासमोर तिनं एका दुपारी आपलं नाव सांगितलं आणि ते शेवटचं निघालं. ती मेली असती तर निदान कोणी रडलं असतं. तिची आई दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालत होती, कोझुएनं "ती कुठाय?" असं विचारलं तर बाई हसून म्हणाली, "कोण गं? आम्हांला मूल नाही." वर्गाच्या फोटोत दोन मुलींच्या मध्ये एका माणसाची जागा आहे आणि दोघींचेही खांदे तिकडं थोडे झुकलेले आहेत. दिवसातून शंभरदा हाक मारलेलं नाव. कोझुएच्या ओठांना त्याचा आकार अजून माहीत होता, पहिल्यांदा मिटायचे, मग उघडायचे. पण त्यातून वारा तेवढा येई. त्यानंतर तिनं ओ देणं सोडलं. हाका खूप दिवस आल्या. ती कानांवर उशी दाबून पडे. मग मोठी झाली, लग्न झालं, नवऱ्याचं आडनाव लागलं, आणि हाका थांबल्या. ज्या दिवशी आडनाव बदललं त्या दिवशी ती भर रस्त्यात आनंदानं रडली होती. मासायुकीला वाटलं, प्रेमानं.

आता ते पोरीकडं आलं होतं.

धून आधी ऐकू यायला लागली की थोड्याच दिवसांत हाक येते, हे तिला माहीत होतं. आणि सांगून काय होणार? आपल्या नावाला ओ देऊ नकोस, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? पाळण्यात असल्यापासून आपणच हाका मारमारून ओ द्यायला शिकवलेलं असतं. तरी तिनं प्रयत्न केला. रात्रीच्या भाताला तांदूळ धुता धुता ती म्हणाली, "होनामी, समजा तुला कोणी हाक मारली, अनोळखी माणसानं..."

"तर जाऊ नये, खाऊ घेऊ नये, गाडीत बसू नये. आई, मी आठवीत आहे."

"तसं नाही. समजा छान हाक मारली."

होनामी हसली. मग हसायची थांबली. "छान म्हणजे कशी?" तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की आईचे हात पाण्यातच राहिले. "आमच्या वर्गात मला कोणी हाकच मारत नाही. सगळे 'ए' म्हणतात. मागच्या आठवड्यात गटात घ्यायच्या वेळी तीन मुली उरल्या, त्यातली मी एक. दोघींना घेतलं. मग बाई म्हणाल्या, अरे आणि ही पण आहे की! कोणी छान हाक मारली ना, तर मी विचारणारसुद्धा नाही कशाला म्हणून." एवढं बोलून तिनं लोणच्याचा मुळा तोंडात टाकला आणि करकर चावला. "गंमत केली गं. तोंड काय करतेस एवढं?"

त्या क्षणी कोझुएनं ठरवलं. ठरवलं असं म्हणण्यापेक्षा, दुसरं काही उरलंच नाही. तिचं नाव पुरतं संपलेलं नव्हतं. मधेच सोडल्यामुळं थोडं शिल्लक होतं, तळाशी राहिलेलं. ते देऊन टाकायचं. मग ती कोणाला आठवणार नाही. होनामी एका सकाळी उठेल आणि तिला आई नसेल, कधी नव्हतीच. मासायुकी नागोयाहून येईल आणि एकट्यानं मुलगी वाढवलेला बाप म्हणून शेजारणी त्याचं कौतुक करतील. याचं दुःख तिला वाटलं, पण विचित्र म्हणजे त्याबरोबर भूकही लागली. तिनं दोन वाट्या भात खाल्ला.

मग ती आपलं नाव घोकू लागली. कारण तिच्या तोंडाला त्याची सवय उरली नव्हती. न्हाणीघरात गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून ती हळूच म्हणाली, "निवा कोझुए," आणि फरशांवरून ते कोणा परक्या बाईचं असल्यासारखं परत आलं. दुकानात कढईसमोर उभी राहून, तेलाच्या आवाजात लपवून, ती म्हणे. बटाट्याचे गोळे सोडताना निवा, उलटताना कोझुए. बरोबरची म्हातारी मात्सुओबाई म्हणाली, "काय गं, मंत्र म्हणतेस काय कॉरोक्केवर? तरीच आज फुटत नाहीयेत." रविवारी मासायुकीचा फोन आला तेव्हा ती एकदम म्हणाली, "मला नावानं हाक मारा ना."

"काय?"

"एकदाच. कोझुए म्हणा."

 त्याच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत होता. "आई, तुला बरं नाही का?" तो म्हणाला. "डॉक्टरला दाखवून ये बघू."

ती दाखवून आली, त्याला तसं सांगता यावं म्हणून. दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "आपण?" आणि ती म्हणाली, "होनामीची आई." मुलगी हसून म्हणाली, "हो, पण आज होनामी नाही ना आलेली?" दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी पोरगी डबा विसरून गेली म्हणून ती शाळेच्या फाटकाशी गेली, तिथल्या इंटरकॉमच्या डब्यातून आवाज आला, "कोण?" आणि ती डब्यासमोरच वाकून म्हणाली, "होनामीची आई आहे." ते म्हणून झाल्यावर तिला आपलं घोकलेलं नाव आठवलं. पण मग तिला वाटलं, इथं तेच तर म्हणायचं असतं. घरीही त्या दोघींचा तोच खेळ होता, होनामी चवड्यांवर उभी राहून भिंतीवरच्या बटणापर्यंत पोचायला लागली तेव्हापासूनचा. बाहेरून घंटी वाजवली की आतून पोरगी विचारे, "कोण?" ती म्हणे, "मी." "मी कोण?" "होनामीची आई!" मग दार उघडे. आता आठवीत गेली तरी खेळ चालूच होता, फक्त हल्ली होनामी तो कंटाळल्याचं नाटक करत खेळे.

बाजारपेठेतली बहुतेक दुकानं बंद पडली होती. वर प्लॅस्टिकचं पिवळं पडलेलं छत, खाली दोन्ही बाजूंना शटरं. लहान मुलांच्या कपड्यांच्या एका जुन्या दुकानाच्या शटरवर टोपी घातलेलं, गळ्याला लाल रुमाल बांधलेलं पाणमांजर रंगवलेलं होतं. बाजारपेठ भरात होती तेव्हाचं ते तिचं खूणचित्र. खरी पाणमांजरं देशातून कधीच नाहीशी झाली. कोझुएची आई नोतोकडची, समुद्राच्या त्या बाजूची. ती सांगायची की पाणमांजर माणसाचं सोंग घेऊन तिन्हीसांजेला दाराशी येतं. अशा वेळी नुसतं "कोण?" म्हणून विचारावं. माणूस असेल तर म्हणेल, "मी." पाणमांजराला सगळं बोलता येतं, फक्त "मी" म्हणता येत नाही. तेराव्या वर्षी कोझुएला हाक आली ती याच शटरामागून, आणि तिनं त्याला मुद्दाम विचारलं होतं, "कोण?" आणि ते फार गोड आवाजात म्हणालं होतं, "तुझंच कोणीतरी." तिनं तेवढ्यावर भागवून घेतलं.

ती भाजीची पिशवी घेऊनच त्या शटराशी गेली. हातात काही नसतं तर आपण काहीतरी करायला चाललो आहोत असं तिला वाटलं असतं. शटर खालून वीतभर उचललेलं होतं आणि त्या फटीतून नदीचा वास येत होता. लोखंडावरचा रंग पोपडे धरून सुटला होता, पण डोळे तेवढे ताजे होते.

"फार दिवसांनी," शटरामागून आवाज आला. तोच आवाज, एका दिवसानंही म्हातारा न झालेला. "घरचे सगळे बरे?"

"माझ्या मुलीला सोडा," कोझुए म्हणाली. तिनं पुष्कळ काही जुळवून आणलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

"अजून धरलेलं कुठं आहे? पण दारं वाढत चालली आहेत. आपल्यालाही दिसत असेलच. मुली कमी आणि म्हातारे जास्त. इकडे तरी काय करावं?"

"माझं घ्या. माझं आहे थोडं."

शटरामागं काहीतरी हललं, ओलं काहीतरी लोखंडाला घासून गेलं. ते वास घेत असावं. "शिळं आहे," ते म्हणालं. "पण मुरलेलं आहे. चालेल."

"आणि मग तिला हाक येणार नाही."

"एका घरातून एकच. पहिल्यापासून हाच रिवाज. धून लागली की विचारणं होईल, तेव्हा द्यावं. आपल्याला ठाऊकच आहे सगळं."

इतक्या सहज मान्य झालं याचं तिला आश्चर्य वाटलं. समोरच्या बाजूला एक म्हातारा खुर्ची टाकून चपला विकत बसला होता. त्याला यातलं काही दिसत नव्हतं की सगळं दिसत होतं कोण जाणे. ती मनातल्या मनात म्हणत राहिली. निवा कोझुए. निवा कोझुए. तिला वाटलं, सकाळी पोरीला नीट निरोप द्यायला हवा होता. पोरगी मोजा शोधत होती आणि आपण रागावलो. निवा कोझुए. मोजा कपाटामागं पडला असणार. ते सांगायला आता कोणी नसणार. निवा कोझुए. पिशवीत होनामीला आवडतो म्हणून घेतलेला भोपळा होता, तो आता कोण कापणार, तिच्यानं त्याची साल निघत नाही. ती धून यायची वाट बघत होती. तिला ती आता आधी ऐकू येत नसे. इतरांबरोबरच ऐकू येई.

छताखालच्या भोंग्यात खरखर झाली आणि धून लागली.

"माफ करा हं," शटरामागून विचारलं गेलं, "आपण कोण?"

त्यात काही कपट नव्हतं. आवाज बदललेला नव्हता, शब्द साधे होते, दवाखान्याच्या खिडकीत, शाळेच्या फाटकावर, पार्सल घेताना विचारतात तेच. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, कमरेतून थोडी वाकली, कपाळावरची बट मागं सारली.

"होनामीची आई," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. वाकलेली ती तशीच राहिली. भोंग्यातली धून अजून चालली होती, अर्ध्यावरही आली नव्हती. "नाही," ती म्हणाली, "नाही, नाही. निवा. निवा कोझुए. निवा कोझुए." तिनं पिशवी टाकून दोन्ही हात शटरावर आपटले. गेले कित्येक दिवस तोंडात न बसणारं नाव आता स्वच्छ, खणखणीत येत होतं, टीव्हीवरच्या मुलींनीही सांगितलं नसेल असं. "निवा कोझुए! मी निवा कोझुए!" चपलावाल्या म्हाताऱ्यानं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा आपल्या चपलांकडं पाहू लागला.

"एकदाच विचारलं जातं," ते म्हणालं. त्याचा आवाज खरोखरच कनवाळू होता. "घरातलं ताजं दिलंत. त्यातलं 'ची आई' इकडे चालत नाही, ते आपण परत न्यावं." शटर खाली आलं. भोपळा उताराला लागून घरंगळत गेला, आणि तिनं तो जाऊन उचलला, कारण तो उचलण्याखेरीज तिला काही सुचलं नाही.

घरी जाताना ती धावत होती की चालत होती हे तिला नंतर कधी आठवलं नाही. वाटेत तिच्या मनात आलं ते एवढंच, की आपण चुकलो असंही नाही. आपल्याला खरंच विचारलं होतं, आपण कोण, आणि आपण खरंच उत्तर दिलं. दुसरं जे होतं ते पाठ केलेलं होतं. देवानं येऊन विचारलं असतं तरी तोंडातून हेच निघालं असतं. या विचारानं तिला काडीचाही आधार मिळाला नाही. वसाहतीच्या वळणावर रित्सुकीची आई सायकल ढकलत येताना दिसली. टोपलीत अंडी होती म्हणून ती जपून चालत होती. तिनं नेहमीसारखा हात वर केला.

"अहो..." ती म्हणाली आणि थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं, शिंक येता येता जावी तसं. मग तिनं मान झटकली. "अहो, च्या आई, कचऱ्याची जाळी राहिली हं आज." आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. अंडी सांभाळत ती पुढं गेली.

ती जिना चढली. दारासमोर उभी राहिली. आतून रेडिओ ऐकू येत होता आणि पोरगी त्याच्याबरोबर बेसूर गुणगुणत होती. तिच्याजवळ किल्ली होती, पण हाताला ती सापडेना, म्हणून तिनं घंटी दाबली.

"कोण?" भिंतीवरच्या डब्यातून आवाज आला.

"मी," ती म्हणाली.

हे तरी अजून म्हणता येत होतं. आत पोरगी हसली. आज तिचा आवाज फार खुशीत होता. कोणीतरी छान हाक मारल्यासारखा. "आई, तुला एक गंमत सांगायचीय," ती म्हणाली, आणि मग तिला खेळ आठवला. "पण आधी सांग. मी कोण?"

तिनं तोंड उघडलं. रोजचं उत्तर, दिवसातून शंभरदा दिलेलं. ओठांना त्याचा आकार माहीत होता. पहिलं अक्षर कुठून सुरू होतं ते तिला क्षणभर शोधावं लागलं.

"अगं, सांग ना," आतून पोरगी हसत म्हणाली. "मी कोण?"